सॅकरिन

अण्णांना सांभाळायला बाई आल्या त्या दिवसापासूनच थोरल्या लेकीच्या मनात पाल चुकचुकली होती. बाईंचं बोलणं फारच गोड.

"एवढी गोळी घेऊन टाका बरं, माझे राजे. नाहीतर मी रुसेन हं."

अण्णांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती आणि गिऱ्हाइकाशी कधी दोन शब्द जास्तीचे बोलले नव्हते. तेच अण्णा आता मुकाट्याने आ करायचे. थोरली दारातून बघत राहायची. एवढी साखरपेरणी कशासाठी? ह्या बाईला हवंय तरी काय?

"बाई अगदी सॅकरिन आहे," ती धाकट्या बहिणीला फोनवर म्हणाली. थोरली कॉलेजात इंग्रजी शिकवायची. "म्हणजे नको तितकं गोड आणि आतून खोटं."

"तुला रोखठोक बाई मिळाली असती तर तू तिला उद्धट म्हणाली असतीस," धाकटी हसत म्हणाली.

पुढच्याच तपासणीत अण्णांची रक्तातली साखर चांगलीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी थोरलीला भेटायला बोलावलं. त्या दिवशी सकाळी तिने अण्णांच्या कपात उरलेला चहा चाखून पाहिला. तो गोड होता.

बाई अण्णांना आंघोळ घालत होत्या. मोरीतून तांब्याचा आवाज येत होता, मधूनच बाईंचं लाडिक बोलणं. थोरलीने बाईंची पिशवी उघडली. कंगवा, रुमाल आणि तळाशी बारीक पांढऱ्या गोळ्यांची एक बाटली. लेबल घासून गेलेलं.

बाई बाहेर आल्या तेव्हा बाटली टेबलावर ठेवलेली होती.

"चहात काय घालता तुम्ही?"

"सॅकरिन, ताई."

थोरलीचे कान तापले. बाईंनी फोन ऐकला होता तर, आणि आता तिचाच शब्द तिच्या तोंडावर मारत होत्या.

"माझी थट्टा करताय?"

"थट्टा कसली? गोड लागतं, पण साखर नाही त्यात. फिका चहा त्यांच्या घशाखाली उतरत नाही."

थोरलीचा विश्वास बसला नाही. बाटली घेऊन ती कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली. दुकानदाराने बाटली लगेच ओळखली.

"आमच्याकडचीच आहे. सॅकरिनच हे. तुमच्या बाईच घेऊन जातात."

साखरेऐवजी वापरायच्या गोळ्यांचं नावही तेच आहे, हे तिने कधीतरी वाचलं होतं. प्रत्यक्षात ती वस्तू मात्र आज पहिल्यांदाच तिच्या हातात आली होती.

दुपारी डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. सकाळी काय खातात, जेवायला काय, संध्याकाळी काय.

"संध्याकाळी फळांचा रस. मी स्वतः आणते, रोज ताजा."

"पेलाभर?"

"मोठा पेला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तो बंद करा. फळ एकवेळ चालेल, रस नको."

घरी येऊन थोरलीने अण्णांना सांगितलं.

"मला आवडत नव्हताच तो," ते म्हणाले. "तू एवढ्या हौसेनं आणायचीस. नको कसं म्हणायचं?"

थोरली स्वयंपाकघरात गेली. बाई भांडी पुसत होत्या.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"बाटली काय, दाखवलीच असती मी," बाई सावकाश म्हणाल्या. "पिशवी विचारून उघडायची होती."

बाई काम सोडून गेल्या नाहीत. अण्णांशी त्यांचं बोलणं पहिल्यासारखंच लाडिक राहिलं. पण थोरलीला 'ताई' म्हणणं त्यांनी सोडलं. आता 'मॅडम', आणि कामापुरतं एखादं वाक्य. त्यांचा तो गोडवा खरा होता की सवयीचा, हे थोरलीला अजूनही कळलेलं नव्हतं. पण तो आपल्या वाट्याचा बंद झाला, हे मात्र जाणवायचं.

बाईंच्या सुट्टीच्या दिवशी ती अण्णांच्या पलंगाशी गेली. पांघरूण सारखं केलं, कपाळावरचे केस मागे सारले, आणि तिला जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, "अण्णा, उशी उंच करू का? बरं वाटतंय ना तुम्हाला?"

अण्णांनी चष्मा लावला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"काय झालं?" ते म्हणाले. "डॉक्टर काही बोलले का? माझ्यापासून लपवू नकोस."

"काही नाही बोलले, अण्णा."

त्यांनी चष्मा काढला नाही. ती उशी उंच करत होती, तेवढा वेळ ते तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले.