दोनशे चाळीस मिलीचा कप

आर्णीतल्या त्या गल्लीत कुणाच्याही पोराचा वाढदिवस असो, केक शबानाच्या कुकरातलाच यायचा. मग वर्षा शेजारी राहायला आली. तिनं ओव्हन घेतला, तयार पाकिटातले केक करून त्यावर क्रीमचे गुलाब काढू लागली आणि शबानाकडं कुणी फिरकेना. तेही चाललं असतं. पण तिची स्वतःची अल्फिया म्हणाली, "अम्मी, या वेळी मले वर्षा आंटीचा केक पाह्यजे." शबानाला ते फार झोंबलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वर्षा दारात आली.

"भाभी, अल्फियाचा केक घरच्या मैद्याचा करतो म्हटलं. पण व्हिडिओतली बाई चार कप मैदा म्हणते. कप म्हंजे कोनता हो?"

शबानाला ठाऊक होतं. केकचा कप दोनशे चाळीस मिलीचा. हे कळेपर्यंत तिचे कितीतरी केक वाया गेले होते. घरातल्या चहाच्या कपात जेमतेम एकशेवीस मावायचं. ती सांगणारच होती, तेवढ्यात आतून अल्फिया धावत आली आणि वर्षाला बिलगली.

"चहाचा," शबाना म्हणाली. "दुसरा कोनता राहीन?"

वाढदिवसाच्या दुपारी वर्षा केकचं भांडं घेऊन आली, डोळे भरलेले. मैदा, साखर चहाच्या कपानं घेतली होती; दूध मात्र बाईनं मिलीत सांगितलं होतं, म्हणून अर्ध्या लिटरचं आख्खं पाकीट ओतलेलं. केक मधोमध बसला होता, आत नुसता चिखल. शबानाला आधी गार वाटलं. मग फुगे फुगवत बसलेली अल्फिया दिसली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

"रडू नको. मैदा आन." तिनं फळीवरून खुणांचं मापाचं भांडं काढलं. "दोनशे चाळीसच्या खुणेपर्यंत भर. असे चार. चहाच्या कपानं आठ पाह्यजे होते."

वर्षाचा हात थांबला. "म्हंजे तुमाले माहीत होतं?"

आत्ताच आठवलं, असं म्हणता आलं असतं.

"होतं," शबाना म्हणाली. "पोरगी तुह्याच मांगं मांगं फिरते. मले पाहवलं नाही."

वर्षा खाली मान घालून मैदा चाळत राहिली. दोघींनी मिळून केलेला केक छान फुगला.

संध्याकाळी अल्फियानं पहिला घास वर्षालाच भरवला. शबानाला ते पुन्हा झोंबलं. पोरांसमोर ती हसली आणि केक वाटायला बसली.