नाकातली काडी

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, दवाखान्यावर तर बिलकूल नाही. गुडघा बदलायचाय माझा, आणि हे म्हणतात नाक तपासायचं. आता बोला!

"काही जणांच्या नाकात औषधांना दाद न देणारे जंतू असतात, काका," आरफा सिस्टर म्हणाल्या. "त्यांना स्वतःला त्रास नसतो. पण ते जखमेत गेले तर बसवलेला गुडघा परत काढायची पाळी येते."

त्यांनी कापूस लावलेली काडी हातात दिली, दोन्ही नाकपुड्यांत कशी फिरवायची ते दाखवलं आणि पुढच्या पेशंटकडं वळल्या. मला लगेच संशय आला. जंतू सापडले की तारीख पुढं ढकलणार, मग पुन्हा पहिल्यापासून सगळ्या तपासण्या. दोन वर्षं मी जिना बसून उतरतोय. ही तारीख मला घालवायची नव्हती. आणि माझ्या नाकाचा तरी काय भरवसा? चाकणच्या कंपनीत तीस वर्षं धूळ खाल्ली. ताप आला की मेडिकलमधून चार गोळ्या आणायच्या, दोन खायच्या, दोन डब्यात टाकायच्या.

कंपनीत यावर इलाज होता. वर्षाच्या मेडिकलला आमची अर्धी लाइन सोबतच्या निरंजनच्या लघवीवर पास व्हायची. निरंजनला सुपारीचंही व्यसन नाही. डॉक्टरला कधी पत्ता लागला नाही.

मी काडी घेऊन जिन्यापाशी बसलेल्या बायकोकडं गेलो. कुसुमला कधी साधी सर्दी होत नाही.

"फिरव नाकात."

"माझ्या कशाला? गुडघा तुमचा हाय."

"डोकं खाऊ नको. फिरव."

तिनं फिरवली. काडी नळीत घालून मी सिस्टरांना नेऊन दिली.

तीन दिवसांनी फोन आला, जंतू सापडले. मी म्हटलं, बघा, पकडलं का नाही? धडधाकट बाईच्या नाकात जंतू! रिपोर्ट आधीच छापून ठेवले असणार यांनी. तावातावानं कुसुमला घेऊन दवाखाना गाठला. भांडायला गेलो खरा, पण भांडायचं तर काडी कुणाची ते सांगावं लागणार होतं. सिस्टरांनी नाकात लावायचं मलम दिलं, अंघोळीचं औषध दिलं, पाच दिवसांचं.

"घरात तान्हं बाळ आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"घरात नसंल, पण रोज हाताखालनं जात असंल तर?" कुसुमनं विचारलं.

मी डोळे वटारले. थेरगावात आमच्या आसपासच्या गल्ल्यांत बाळ-बाळंतिणीची अंघोळ कुसुमच घालते, पंधरा वर्षं झाली. बाळ पायांवर घ्यायचं, टाळू भरायची, नाकात फुंकर घालायची. हे बाहेर फुटलं तर एकही घर तिला दारात उभं करणार नव्हतं.

"गप की गं," मी म्हटलं.

"न्हाई. सिस्टर, ती काडी माझ्या नाकातली हाय."

सिस्टर माझ्याकडं बघतच राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी दोन नव्या काड्या काढल्या आणि आमच्या दोघांच्याही नाकात स्वतःच्या हातानं फिरवल्या. कुसुमला म्हणाल्या, घाबरू नका, बऱ्याच जणांत असतात हे, उपचारानं बहुतेक जातात. तोवर बाळांना हात लावू नका.

कुसुमचं तिकडं लक्षच नव्हतं. "शेजारच्या पुनमचं बाळ," ती म्हणाली, "अंगभर पू धरलेले फोड आलेवते. आठ दिवस दवाखान्यात ठेवलं. रोज मीच न्हाऊ घालत होते. माझ्यानं झालं का वो ते?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, मावशी."

माझं नाक साफ निघालं, ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं. पाच दिवस मलम लावल्यावर कुसुमचा पुढचा रिपोर्टही साफ आला. तरी ती कुणाकडं अंघोळीला गेली नाही. परवा पुनम बाळाला घेऊन माझ्या गुडघ्याची चौकशी करायला आली. बाळ कुसुमकडं झेपावलं. पुनम हसून म्हणाली, "घ्या ना मावशी, ओळखतंय तुम्हाला."

कुसुमनं दोन्ही हात पदराखाली घेतले.