तोंडावाटे सांडलेली गोष्ट

मी खुर्ची बोलतेय. बोळिंजच्या आशालताची, लिहायची. कीव नकोय मला तुमची. नीट ऐकलंत तरी पुष्कळ.

वाडीतला फणस कोसळला, तेव्हा त्याच्या खोडातून ॲन्सेल्म सुताराने मला घडवली. हात नाहीत, गादी नाही. "आरामाला नको, कामाला पाहिजे," आशालतानेच त्याला बजावलं होतं. तेव्हा तिच्या कथा दिवाळी अंकांत छापून यायच्या आणि बाई मान ताठ ठेवून चालायची.

मग लिहिणं थांबलं. का, तर म्हणे सुचत नाही. खोटारडी! माझ्यावर बसून तिने इंदू नावाची बाई जन्माला घातली. नवऱ्याने दुसरी आणली म्हणून ही इंदू घर सोडते, एकटीने पानमळा उभा करते, आणि नवरा पाया पडत आला तरी परत जात नाही. गोष्ट अर्धी लिहून झाली, उरलेली डोक्यात तयार. आणि तिथेच घोडं अडलं.

का अडलं ते मला इथून दारातून दिसतं. सकाळी मोगऱ्याच्या कळ्या तोडून आणल्या, की ही आणि शेजारच्या आलोशियसची बायको बेटी ओटीवर गजरे ओवायला बसतात. आमच्याकडची रीतच ती, हात दोऱ्यात आणि तोंड मोकळं.

"मग गं, पुढे काय केलं इंदूने?" बेटी विचारते. की सुटली आमची बाई! नवऱ्याचा आवाज काढते, सवतीचा काढते. बेटी पदराने डोळे पुसते.

"लिही की गं हे, आशा!"

"लिहीन ना."

कसली लिहितेय! वाहवा मिळाली, पोट भरलं. आता लिहायची भूक लागणार कुठून?

आणि माझ्यावर काय? तिच्या नवऱ्याच्या, विलासरावांच्या पँटी. घडी न केलेल्या चादरी. "ही अडगळ भंगारवाल्याला देऊया, इथे चपलांचं कपाट बसेल," असं ते म्हणाले, तर ही "द्या" म्हणाली. द्या! मी लाकडाची म्हणून, नाहीतर उठून थोबाडीत दिली असती.

अशात परवा बेटी हसत हसत ओटीवर आली. "आशा, काल लग्नघरी तुझी गोष्ट सांगितली. बायका एकदम खूश! शेवट तेवढा बदलला मी. इंदू माफ करते, जाते परत नवऱ्याकडे. गोड वाटतं ना!"

आशालताचे हात थांबले.

"परत पाठवलीस? माझ्या इंदीला? त्या मेल्याकडे?"

"अगं, गोष्टच तर आहे."

"तुझ्या आलोशियसने दुसरी आणली असती, तर गेली असतीस तू?"

"मी? तंगडी मोडली असती त्याची!"

"मग तिला कशाला पाठवतेस, सटवे?"

कळ्या तशाच टाकून ती आत आली. पँटी जमिनीवर भिरकावल्या आणि माझ्यावर धाडकन बसली. तेव्हापासून लिहितेय. बेटी दारातून "सांग ना, कुठवर आलं?" म्हणते, तर ही मान वर न करता, "छापून आलं की वाच." भंगारवाला येऊन गेला. विलासराव त्याला काही देऊ शकले नाहीत. बायको बसलेली होती.

स्फूर्ती येत नाही म्हणून गळा काढणाऱ्यांनो, तुम्ही जन्माला घातलेल्या माणसांना दुसरंच कोणीतरी भलतीकडे नांदायला पाठवतंय. राग येत नाही? मग खुशाल गजरे ओवा. येत असेल, तर माझ्यासमोर उभे काय राहिलात? आपापल्या घरी जाऊन बसा. आणि जाताना बोलू नका, तिचं वाक्य अजून पुरं व्हायचंय.