काचेवर खापर

चित्रांना फ्रेम करणं हा माझा धंदा. लोक काय काढतात आणि भिंतीवर काय टांगतात याबद्दल मी चकार शब्द काढत नाही. काढायला लागलो तर दुकानाला टाळं लागेल. पण त्या चित्रकार बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं तेव्हा माझंही पित्त खवळलं.

आमच्या शहरातलं मोठं इस्पितळ ज्यांनी उभं केलं, त्या डॉक्टरांना बाईंनी उघडंनागडं टबात बसवलं होतं आणि डोक्यावर मुकुटाच्या जागी बेडपॅन. मी आणि ताई, दोघंही त्याच इस्पितळात जन्मलो. डॉक्टरांचा फोटो आमच्या घरात वडिलांच्या फोटोशेजारी आहे आणि वडिलांपेक्षा जरा मोठाच आहे. हे काही बरं दिसत नाही, असं मी बाईंना म्हटलंसुद्धा. बरं दिसावं म्हणून काढलेलंच नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी फ्रेमसाठी काळी पट्टी पसंत केली आणि मी माप घेतलं.

प्रदर्शन लागलं, बातमी पसरली आणि एका संध्याकाळी जमाव आत घुसला. एक दगड चित्रावर बसला, काच फुटली आणि तुकडा शेजारी उभ्या असलेल्या वॉचमनच्या डोळ्यात गेला. ऑपरेशन डॉक्टरांच्याच इस्पितळात झालं. डोळा वाचला नाही. चित्राला ओरखडाही नाही.

दगड मारला होता आमच्या दाजींनी.

दाजी म्हणजे गरीब गाय. भाजीवाल्याशीसुद्धा कधी घासाघीस करत नाहीत. त्यामुळे चूक त्यांची असेल हे कुणाला पटेना आणि घरात दुसऱ्या कुणाचा तरी शोध सुरू झाला. बाईंनी काढलंच नसतं तर? प्रदर्शनवाल्यांनी लावलंच नसतं तर? वॉचमनला जरा बाजूला उभं राहायला काय झालं होतं? शेवटी ताईच्या सासूबाईंनी चहा पिता पिता माझ्याकडे मोर्चा वळवला आणि काच कुणी बसवली होती ते विचारलं. प्लास्टिकची बसवली असती तर दगड उलटा आला असता म्हणे. मी चहा संपवला.

फौजदाराने मला जबाबाला बोलावलं, तेव्हा ताई दुकानात आली. चित्राची फ्रेम मीच केली होती, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन होतं.

"एवढंच सांग," ती म्हणाली, "की ते बघून कुणाचाही हात उठला असता. खोटं थोडंच आहे? तुलाही राग आला होताच की."

लहानपणी माझ्या वाटणीचा मार हिने खाल्लाय. दाजी आत गेले तर हिचं कसं व्हायचं? मी हो म्हणालो.

चौकीत जाण्याआधी इस्पितळात डोकावलो. वॉचमनच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. चित्र शाबूत आहे ना, असं त्याने विचारलं. राखायची जबाबदारी त्याची होती. आहे, म्हटलं. त्याला बरं वाटलं.

चौकीत दाजी बाकावर बसले होते, शेजारी ताई. चित्र वाईट होतं का, असं फौजदाराने मला विचारलं. होतं, म्हणालो. राग येण्यासारखं? मला आला होता, म्हणालो. फौजदार लिहीत गेला. ताईचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्याने दाजींनाही धीर आला.

"साहेब, ते समोर आलं की हात आपोआप उठतो," ते म्हणाले. "कुणाचाही उठेल. हवं तर याला विचारा."

फौजदाराने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं.

"ते चित्र अख्खी दुपार माझ्यासमोर होतं," मी म्हणालो. "आणि माझ्या हातात हातोडी होती."

फौजदार लिहायचा थांबला. "मग काय केलंत?"

"खिळे ठोकले. पट्टीत."

ताई उठून बाहेर गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मला फार लागलं. तुम्हाला राग आला होता हे ठेवू की खोडू, असं फौजदाराने विचारलं. ठेवा, म्हटलं, खरंच आला होता.

दाजींनी उजवा हात खिशात घातला.