हर्षदची देवयानी

ऋता अंधेरीच्या एका विमा कंपनीत नोकरीला होती. दर रविवारी सकाळी मात्र ती मुलुंडच्या वाचनालयात शाळकरी मुलांना कॉम्प्युटरवर आकाश दाखवायची. प्रोग्राम फुकटातला. शनीच्या कड्यांपर्यंत सगळं झकास दिसायचं. सूर्यमालेबाहेर पडलं की वाट लागली. पुढचे सगळे तेजोमेघ आणि दीर्घिका म्हणजे नुसते कापसाचे बोळे.

दोन वर्षं ती प्रोग्राम बनवणाऱ्यांना लिहीत होती. तेजोमेघांचे रंग द्या, दीर्घिकांचे सर्पिल हात नीट दिसू द्या. ‘नोंद घेतली आहे’ यापलीकडे उत्तर नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी तिच्याच खगोल मंडळातला हर्षद लॅपटॉप घेऊन आला.

“जरा बघ गं, सुट्टीत काय जमवलंय.”

पडद्यावर देवयानी दीर्घिका उलगडली. धुळीचे काळपट पट्टे, कडेचे निळसर तारे, सगळं. पोरं खुर्च्या सोडून पुढे धावली. मोठ्या दुर्बिणींचे सगळ्यांना खुले असलेले फोटो घेऊन हर्षदने ही आणि अशा कितीतरी दीर्घिका, तेजोमेघ घरीच तयार केले होते, आणि प्रोग्रामवाल्यांनी ते त्याच्या नावासकट घेतलेही होते.

“मस्त आहे,” ऋता म्हणाली. तिचा नुसता जळफळाट झाला होता. दोन वर्षं आपण मागत राहिलो; आपणच करावं हे डोक्यातही आलं नाही. हे जास्त झोंबत होतं.

ती चूक शोधू लागली. विसाव्या मिनिटाला सापडली.

“हर्षद, अश्वमुख तेजोमेघ उलटा लावलायस. घोड्याचं तोंड भलतीकडे आहे.” तिने हे मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

हर्षद पडद्याजवळ गेला. “अरे हो! चार वेळा तपासलं होतं यार. थँक्स गं, बरं झालं तू बघितलंस.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर तिने त्याची फाइल उतरवून घेतली आणि चुका टिपायला वही घेऊन बसली. दोन लिहिल्या. तिसरी शोधता शोधता ती एका दीर्घिकेतून दुसरीत फिरत राहिली आणि वही तशीच उघडी राहिली. काम खरंच सुंदर होतं. त्याचाही तिला राग आला.

संध्याकाळी तिने फोन केला. “दक्षिणेकडचं आकाश तू केलंच नाहीस.”

“वेळ कुठे मिळाला? तू करतेस का?”

“करते. पण माझं नाव वेगळं टाकायचं. तुझ्या नावाखाली नाही.”

“तुझं वर टाकू, बस?” हर्षद हसला.

ऋता हसली नाही. फोन ठेवून ती दक्षिणेकडच्या मॅजेलन मेघांचे, म्हणजे त्या दोन छोट्या दीर्घिकांचे, फोटो शोधायला बसली. ते हर्षदच्या देवयानीपेक्षा सरस व्हायलाच हवे होते.