उचललेलं चाक

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा लेओनीड, यांनी जानेवारीतच सांगून टाकलं होतं. कुटूचं धिरडं पाकात बुडवत म्हणाले, "बर्फ वितळला की तुम्हा दोघांतला एकच ठेवणार. कोणता, ते तुम्हीच दाखवा."

दोघं म्हणजे मी, ओविला, आणि माझा धाकटा भाऊ रोझेर. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या टोकाला जंगलातली लाकडं रेल्वेपर्यंत नेण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. रोझेरची बायको पोटुशी होती. तेव्हापासून दाजींनी बोट दाखवायच्या आत तो धावायचा.

दाजींनी त्या वर्षी नवा ट्रक घेतला होता. जुन्या ट्रकचं मागचं एक चाक बर्फावर गेलं की सगळा जोर त्यालाच मिळायचा. ते नुसतं गरगरायचं, आणि कोरड्यावरचं चाक रुसलेल्या जावयासारखं बसून राहायचं. नव्या ट्रकच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीत, क्लचच्या चकत्या होत्या. एक चाक घसरलं तरी त्या दुसऱ्याला फिरवत ठेवायच्या. जिथे जुन्याला आम्ही खांदा लावायचो, तिथून हा सरळ निघून जायचा.

नव्या ट्रकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पिवळा कागद चिकटवलेला होता. मी लहानपणापासून लाकूडतोड्यांच्या तळावर वाढलेला, वाचता येत नव्हतं. विचारलं, "दाजी, यावर काय लिहिलंय हो?"

"गाढवांनी हात लावू नये, असं लिहिलंय."

रोझेर सगळ्यांत मोठ्यानं हसला. वाचता त्यालाही येत नव्हतं.

फेब्रुवारीत नदीकाठच्या चढावर ट्रक फसला. तिथे रस्ता एका अंगाला कललेला आहे. जुना ट्रक तिथे अडायचा, पण त्याचं न फिरणारं चाक जमीन धरून ठेवायचं. नव्याची दोन्ही चाकं एकदम घसरली आणि मागचा भाग सावकाश सरकत चरात गेला. चालवत होते दाजी.

मागून अदेलारचा, लाकडंच वाहणाऱ्या दुसऱ्या एकाचा, खटारा आला; बर्फावर पकड यावी म्हणून चाकांना साखळ्या गुंडाळलेल्या. तो थांबला नाही, फक्त काच खाली केली. "काय लेओनीड! तुझ्या घोड्याला साखळी लागत नाही म्हणे?"

दाजींचा चेहरा बिटासारखा झाला. तो राग आमच्यावर निघाला. "बघताय काय, मेहुण्यांनो? साखळ्या बाहेर काढा! ओविला, आत बस. चाक उचलून फिरवू."

ती आमच्याकडची जुनी युक्ती. एक चाक जॅकवर उचलायचं, पहिला गिअर टाकायचा. अधांतरी चाक हळूहळू फिरतं, त्याच्यावर साखळी सोडली की ती आपोआप गुंडाळली जाते. जमिनीवरचं चाक हलत नाही. जुन्या ट्रकवर आम्ही हे शेकडो वेळा केलं होतं.

"साखळी मी सोडतो, दाजी," रोझेर आधीच गुडघ्यांवर बसला होता. "ओविलाला एक तास लागेल."

"बघ, शीक जरा भावाकडून," दाजी मला म्हणाले.

मी क्लच सोडला.

चकत्यांनी जमिनीवरचं चाकही फिरवलं. ट्रक पुढे उसळला, जॅकवरून निसटला. साखळी रोझेरच्या हातमोज्यात अडकली होती. तिनं त्याचा उजवा हात चाकाखाली ओढला आणि लाकडांनी भरलेला ट्रक त्या हातावर बसला. तो ओरडला तेसुद्धा दाजींना, "काही नाही, दाजी, काही नाही!"

चाळिशीनंतर मी अक्षरं शिकलो, तेव्हा तसाच कागद दुसऱ्या एका ट्रकवर वाचला. एक चाक उचललेलं असताना गिअर टाकू नये. दुसरं चाक गाडी ओढून नेईल. दोनच ओळी होत्या.

रोझेरचा हात कोपरापासून कापला. रविवारी दाजींकडे जेवायला गेलो. बहीण वाढत होती, डोळे सुजलेले. दाजींनी भाकर मोडली आणि म्हणाले, "चला, निवडायचं काम वाचलं. उद्या सहाला ये."

मी ताट संपवलं. सोमवारी सहाला गेलो. ट्रकचं दार उघडलं तर पिवळ्या कागदाच्या जागी चाकूचे ओरखडे होते. ते ताजे होते, खाली सीटवर पिवळा भुगा पडलेला.

मी तो हातानं झटकला आणि बसलो.