केबिनचा पांढरा

"अजून थोडी नीळ टाक," दाजी म्हणाले.

मी डब्यात काडी फिरवत होतो. पांढऱ्यात निळ्याचे थेंब टाकून टाकून माझा हात अवघडला होता.

"दाजी, हा आता पांढरा राहिला नाही."

"पिवळट मारतोय रे. हल्लीच्या रंगात दमच नाही. आमची क्रेन नवी आली तेव्हा केबिन कशी होती, ठाऊक आहे? डोळे दिपायचे नुसते!"

रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, आणि हे गिऱ्हाईक तर माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी गुमान आणखी थेंब टाकले. म्हटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय, जाऊ दे.

दाजी क्रेन ऑपरेटर. सगळी हयात एका यार्डात, त्याच एका क्रेनच्या केबिनमध्ये गेली. निवृत्ती जवळ आली तसं त्यांच्या डोक्यात शिरलं की आपली क्रेन घरात हवी. जुन्या बाजारात एक धातूचं मॉडेल मिळालं. हातभर लांब, वजनदार, पण हिरवंगार आणि भलत्याच कंपनीचं नाव मिरवणारं. "सांगाडा तोच आहे," दाजी म्हणाले, "फक्त कातडी बदलायची."

झालं, ताईच्या जेवणाच्या टेबलाचा बोऱ्या वाजला. दाजींनी बुडाचे रिव्हेट ड्रिलने उडवून मॉडेल सुटं केलं. धातूचे भाग रंग उतरवायच्या द्रावणात बुडवले, जुन्या टूथब्रशने घासले, साबणाने धुतले. मग प्रायमरचा हात, मग पिवळ्याचे पातळ थर. माझा छोटा एअरब्रश तर त्यांनी हक्काने पळवलाच. बूमवरच्या, क्रेनच्या लांब हातावरच्या, जाड दोऱ्या काढून काळा बारीक दोरा घेतला आणि त्याला मेण चोळलं, म्हणजे तंतू उभे राहत नाहीत.

"माझ्या कपाटाचं दार वर्षभर लोंबतंय, त्याला हात लावायला सवड नाही," ताई म्हणायची, "आणि खेळण्याला मेण चोळतायत!"

"खेळणं म्हणू नकोस," दाजी तिच्यावर तुटून पडायचे. हुकाच्या इवल्याशा कप्प्यांमधून दोरा ओवायला मात्र त्यांनी तिलाच बसवलं. चष्म्याचा नंबर बदललाय, म्हणाले.

केबिन रंगवून वाळली त्या दिवशी ताईने मला बोलावून घेतलं. दाजी आंघोळीला गेले होते. ती खिडकीतल्या उन्हात केबिन बोटांवर धरून उभी होती.

"काय रंग आहे हा?"

"आकाशी."

"हे म्हणतात, पांढराशुभ्र. मघापासून चारदा कौतुक करून झालं."

आता मला उलगडलं. ज्याला पांढरं पिवळं दिसतं, तो निळं ओततच राहणार. मोतीबिंदू पिकला की होतं असं. एका जुन्या पेंटरचं झालेलं मी पाहिलं होतं. मी ताईला तसं सांगितलं.

"मग ऑपरेशन करू की," ती म्हणाली.

"करू. पण डोळ्यांसाठी एकदा खाली उतरवलं की या वयात कंपनी पुन्हा वर चढू देणार नाही. ती खुर्ची म्हणजे त्यांचा जीव की प्राण."

"आणि नाही उतरले तर? खाली मौनी असतो ना रे."

मौनी म्हणजे दाजींचा सिग्नलवाला. हुक नेमका कुठे टेकतोय ते केबिनमधून कळत नाही. ओझ्याशेजारी उभा राहून मौनी हाताच्या खुणांनी सांगतो. खुणा करताना तेवढा गप्प, एरवी तोंडाचा पट्टा चालूच, म्हणून नाव पडलं मौनी.

"तूच सांग त्यांना," ताई म्हणाली.

"मी? नवरा तुझा."

"आणि रंग कुणी दिला?"

आधी मौनीला विचारू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दाजी तयार झालेलं मॉडेल यार्डात दाखवायला नेणार होते. "बूम मोडेल, मी धरतो," असं म्हणून मी बरोबर निघालो.

पोहोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होत होती. दाजी हात धुवायला गेले. मौनी पिंपावर बसून डबा उघडत होता. शेजारी त्याचे भडक नारिंगी हातमोजे पडले होते. मी आडवळण न घेता विचारलं, "दाजींना नीट दिसत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

त्याने डब्याचं झाकण परत लावलं.

"हे मोजे हौसेने घेतलेत का मी? गेल्या उन्हाळ्यापासून घालतोय. हातसुद्धा पहिल्यापेक्षा मोठे फिरवतो. लोक हसतात, म्हणतात कवायत करतोय."

"अहो, पण बोलायचं नाही का?"

"काय बोलू? तोंडच उघडत नाही. परवा पेटी माझ्या पायापासून वीतभर टेकली. घरी गेलो, बायकोलाही सांगितलं नाही."

एवढ्यात दाजी आले. खोक्यातून मॉडेल काढून त्यांनी मागच्या खऱ्या क्रेनसमोर धरलं.

"बघ रे, तंतोतंत!"

"तंतोतंत," मौनी म्हणाला.

पलीकडे ट्रेलरचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता. तो बघायला आला आणि खो खो हसला. "काका, बाकी झकास जमलंय. केबिनच निळी का रंगवली?"

"निळी?" दाजीही हसले. "डोळे तपासून घे लेका!" मग मौनीकडे वळले. "सांग रे ह्याला. निळी आहे का?"

मौनीचा उजवा हात सरळ बाजूला गेला, पंजा खाली करून, आणि तिथेच थांबला. ही खूण यार्डात सगळ्यांना कळते. थांब. ती दिसली की ऑपरेटरने का म्हणून विचारायचं नसतं.

दाजींनी विचारलं नाही. ते त्या हाताकडे बघत राहिले, मग पिंपावरच्या मोज्यांकडे.

"हे माझ्यासाठी घालत होतास?"

मौनीने मान डोलावली. दाजींचा चेहरा खर्रकन उतरला. मला त्या ड्रायव्हरच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

दाजींनी मॉडेल माझ्या हातात दिलं आणि ते सरळ फोरमनच्या खोलीत गेले. मी दारात उभा राहिलो.

"साहेब, मला दिसत नाही," ते म्हणाले.

फोरमनला आधी थट्टा वाटली. मग म्हणाला, "बरं, बघू. पण ट्रेलर खोळंबलाय. आजचा एवढा लोड उतरवा, उद्या निवांत बोलू."

"नाही साहेब. खाली माणूस असतो."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. फोरमनने दुसऱ्या ऑपरेटरला बोलावणं धाडलं.

मी म्हटलं, "चला दाजी, घरी जाऊ." पण लोड उतरेपर्यंत त्यांना थांबायचं होतं. मौनी मोजे चढवून जागेवर गेला, दाजी त्याच्यामागे जरा अंतर सोडून उभे राहिले. इंजिन सुरू झालं. दाजींनी मान वर केली, कपाळावर हात धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. केबिनची काच उघडी होती. नवा ऑपरेटर कोपर बाहेर काढून बसलेला मला स्वच्छ दिसत होता.

"बसला का रे तो?" दाजींनी विचारलं.

"बसला," मौनी म्हणाला.